मुलीला दुभाषी करू नका

अमेरिकेतल्या चिनी घरांत आई आणि मुलगी अपेक्षांवरून भांडतात, हे एव्हाना साऱ्या जगाला पाठ झालं आहे. २०११ च्या जानेवारीत 'वाघीण आई', म्हणजे मुलांना अतिशय कडक शिस्तीत वाढवणारी आई, हा शब्द तिकडच्या वर्तमानपत्रांत गाजला आणि त्यावर कितीतरी दिवस चर्चा झडल्या. त्याच्या महिनाभर आधीच, ७ डिसेंबर २०१० रोजी, 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे निकाल लागले होते आणि शांघायची मुलं वाचन, गणित, विज्ञान या तिन्हींत पहिली आली होती. त्यामुळे वातावरण तापलेलंच होतं. दोन तट पडले. एक म्हणे, अशी शिस्त आपल्याकडे नाही म्हणून आपली मुलं मागे पडतात. दुसरा म्हणे, हा निव्वळ छळ आहे. भांडणाचं खापर मात्र दोघांनी एकाच ठिकाणी फोडलं, ते चिनी संस्कृतीवर. कन्फ्यूशियस, आईवडिलांची सेवा, अडीच हजार वर्षांची परंपरा, वगैरे.

हे निदान आळशीपणाचं आहे. परंपरेचा वाटा असतोच, पण तेवढं सांगून कुणाच्या हाती काही लागत नाही. या भांडणाचा बराच मोठा भाग अगदी रुक्ष गोष्टींवर पोसला जातो: शाळेतून आलेलं पत्र, प्रवेशाचा अर्ज, आयकराचा कागद, डॉक्टरची भेट. घरात इंग्रजी नीट येणारं माणूस एकच, ते म्हणजे तेरा-चौदा वर्षांची मुलगी. घराचा बाहेरचा सगळा कारभार तिच्या तोंडून चालतो. आणि त्याच घरात संध्याकाळी तिनं मान खाली घालून ऐकून घ्यावं अशी अपेक्षा असते. कारभारीण आणि अल्पवयीन मूल, दोन्ही एकाच वेळी. शाळा, दवाखाने आणि सरकारी कचेऱ्या यांनी मुलीला दुभाषी म्हणून वापरणं थांबवलं, तर या भांडणातला सगळ्यात विषारी भाग कमी होईल, आणि ते करणं सार्वजनिक व्यवस्थेच्या हातात आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी ही आई कोण, ते पाहायला हवं. अमेरिकेनं १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. १९४३ मध्ये ते किलकिलं केलं, तेही वर्षाला १०५ माणसांपुरतं. खऱ्या अर्थानं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं, ज्यात शिकलेल्यांना आणि आधीच तिथे असलेल्यांच्या नातेवाइकांना प्राधान्य होतं. इकडे चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा बंद पडली होती आणि शहरातली सुमारे पावणेदोन कोटी तरुण मुलं खेड्यांत शेतीवर धाडली गेली होती. १९७७ च्या हिवाळ्यात परीक्षा पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख जण बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास निवडले गेले. शंभरातले पाचही नाहीत. त्यातले आणि त्यांच्या मागून आलेल्या तुकड्यांतले काही पुढे अमेरिकेत शिकायला गेले. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातलं आंदोलन चिरडलं गेल्यानंतर, १९९२ साली झालेल्या खास कायद्यानं पन्नास हजारांहून जास्त चिनी नागरिकांना तिथे कायमचं राहण्याचा परवाना मिळाला. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या कूपरटिनोच्या संशोधक, इंजिनियर आया या गटातल्या.

दुसरा गट अगदी वेगळा. फूच्यान प्रांतातून, मुख्यतः फूचौच्या आसपासच्या गावांतून, १९८० आणि ९० च्या दशकांत हजारो माणसं दलालांना पैसे देऊन चोरवाटेनं न्यूयॉर्कला आली. तेव्हाचा दर माणशी तीस हजार डॉलरच्या घरात होता आणि ते कर्ज हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत, कपड्यांच्या कारखान्यांत राबून फेडायचं. ६ जून १९९३ रोजी 'गोल्डन व्हेंचर' नावाचं जहाज क्वीन्समधल्या रॉकवेच्या किनाऱ्यावर रुतलं, त्यावर अशी २८६ माणसं होती. थंडगार पाण्यात उड्या टाकून किनारा गाठताना दहा जण गेले. न्यूयॉर्कच्या सनसेट पार्क, फ्लशिंग अशा चिनी वस्त्यांमधली आई या वाटेनं आलेली, किंवा या वाटेनं आलेल्याची बायको म्हणून आलेली.

दोघी आपापल्या मुलींना शब्दाला शब्द तेच सांगतात: पहिला नंबर, नामांकित कॉलेज, डॉक्टर नाहीतर इंजिनियर. म्हणूनच बाहेरच्याला वाटतं की ही संस्कृतीच बोलते आहे. जेनिफर ली आणि मिन झोऊ या समाजशास्त्रज्ञांनी लॉस एंजेलिस परिसरात अभ्यास करून यातली मेख दाखवली. अमेरिकेत आलेल्या चिनी लोकांत पदवीधर निम्म्याच्या आसपास, आणि चीनमधल्या प्रौढांत त्या वेळी शंभरात चार. म्हणजे गाळून आलेले लोक. त्यांनी आपल्या वस्त्यांत शिकवण्या उभ्या केल्या, चिनी वर्तमानपत्रांत यशस्वी मुलांचे फोटो छापून आणले, आणि यशाचं एकच माप ठरवून टाकलं. ते माप मग मुदपाकखान्यात राबणाऱ्याच्या घरातही गेलं. गरीब घरातल्या मुलीला त्याचा फायदा झाला, शिकवणी आणि माहिती स्वस्तात मिळाली. पण ज्या घरात प्रयोगशाळेतून आलेले आईवडील नाहीत, त्या घरातल्या मुलीला तेच माप लावून जोखलं जाऊ लागलं.

परीक्षेवरचा विश्वास हाही याच अनुभवातून येतो. चीनची प्रवेश परीक्षा बहुतेक प्रांतांत ७५० गुणांची असते: चिनी, गणित आणि परकी भाषा प्रत्येकी १५०, उरलेले ३०० इतर विषयांचे. जूनच्या सात तारखेला सुरू होते. २०२४ साली १ कोटी ३४ लाख मुलांनी तिच्यासाठी नावं नोंदवली. ती क्रूर आहे, पण तुझा बाप कोण असं ती विचारत नाही, निदान उत्तरपत्रिकेत तरी. या आईच्या आयुष्यात वशिल्याशिवाय उघडलेलं दार हे एवढंच. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये तिला तसंच दार दिसलं की ती त्याला घट्ट धरून बसते.

तिथे ते दार आहेही. स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक आणि आणखी पाच सरकारी विशेष शाळांमध्ये नववीचा प्रवेश एकाच परीक्षेवर होतो. आठवीच्या शरद ऋतूत तीन तास, निम्मे प्रश्न इंग्रजीचे, निम्मे गणिताचे. पंचवीस-सव्वीस हजार मुलं बसतात आणि चार हजारांच्या आसपास जागा मिळतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त आशियाई मुलांना. १९७१ च्या राज्य कायद्यानं पहिल्या तीन शाळांची परीक्षा बांधून दिलेली आहे, त्यामुळे महापौराला ती एकट्याच्या मर्जीनं मोडता येत नाही. २०१८ मध्ये महापौर बिल डी ब्लाझिओ यांनी परीक्षा रद्द करून प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या वरच्या सात टक्के मुलांना जागा द्यायचं सुचवलं, तेव्हा चिनी आया फलक घेऊन रस्त्यावर आल्या. योजना बारगळली. दुसऱ्या बाजूची आकडेवारीही तितकीच टोचणारी होती. २०१९ साली स्टायव्हसंटच्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या फक्त सात. हा वेगळा आणि मोठा वाद आहे. इथे एवढंच पाहायचं की ज्या आईला शाळेचं माहितीपत्रक वाचता येत नाही, मुख्याध्यापकांशी बोलता येत नाही, तिला 'तीन तास, इतके प्रश्न, इतके गुण' हा नियम मात्र पूर्ण कळतो. तिसरी-चौथीपासून शनिवार-रविवारच्या शिकवणीला ती हजारो डॉलर मोजते, ते वेडापायी मोजत नाही.

घोडं पेंड खातं ते पुढे. मुलगी तेरा वर्षांची असताना परीक्षा संपते आणि नियम बदलतात, पण आईला ते कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांना नववीपासूनच्या चार वर्षांचे वर्गातले गुण हवे असतात, शिक्षकांची पत्रं हवी असतात, शाळेबाहेर काय केलं ते हवं असतं आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा निबंध हवा असतो. या निबंधात मुलं बहुधा आपल्यावर आलेली अडचण लिहितात, आणि स्थलांतरित घरातल्या मुलीला सल्ला मिळतो की घरचं लिही. आईच्या दृष्टीनं ही घरची लक्तरं वेशीवर टांगणं झालं, तेही प्रवेश देणाऱ्या परक्या माणसापुढे. मुलीच्या दृष्टीनं तिच्याकडची ती सगळ्यात खरी गोष्ट असते. नाटकाच्या तालमीला किंवा शाळेच्या वर्तमानपत्राला दिलेला वेळ आईला वाया गेलेला वाटतो, कारण तिच्या परीक्षेत नाटकाला गुण नव्हते. शिक्षिकेला पत्र लिहायचं तर तिनं मुलीला वर्गात बोलताना ऐकलेलं असावं लागतं, आणि मुलीला तर लहानपणापासून वर्गात गप्प बसायला शिकवलेलं असतं. दोघींच्या हातात वेगवेगळ्या खेळांचे नियम आहेत आणि दोघींना वाटतं की समोरची मुद्दाम चुकीचं खेळते आहे.

मग नोव्हेंबरातली पालक-शिक्षक भेट येते. मोठ्या शाळेत एका शिक्षकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटं. शिक्षिका म्हणते, मुलगी हुशार आहे, लेखी काम उत्तम, पण वर्गात तोंड उघडत नाही, हल्ली फार थकलेली दिसते, घरी सगळं ठीक आहे ना? मुलगी आईकडे वळून सांगते, "माझं काम चांगलं आहे म्हणतेय." आई विचारते, "एवढं लांबलचक बोलली ती, ते काय?" मुलगी म्हणते, "तेच परत परत." आई विचारते, वर्गात कितवी आहे ते विचार. मुलगी ते विचारत नाही, कारण या शाळेत तसं कुणी विचारत नाही आणि तिला लाज वाटते. ती शिक्षिकेला सांगते, आई तुमचे आभार मानतेय. इथे खोटं बोलायचा तिचा इरादा नसतो. स्वतःबद्दलची तक्रार स्वतःच्या तोंडून आईला सांगायची, हे काम मोठ्या माणसालाही जमणार नाही. पण आईला कळतं. आवाज कळतो, चेहरा कळतो, वाक्याची लांबी कळते. घरी जाताना गाडीत ती म्हणते, तू माझ्यापासून लपवतेस. त्या दिवसापासून मुलीनं खरं सांगितलं तरी पूर्ण विश्वास बसत नाही. उलट मुलगीही शिकते की आईचं बोलणं बाहेर जसंच्या तसं पोचवायचं नसतं, ते सावरून घ्यायचं असतं. आईबद्दलची लाज अशी कोवळ्या वयात घर करते, आणि तिचं खापर मग 'पिढीच्या अंतरावर' फुटतं.

याहून अवघड प्रकार बारावीच्या ऑक्टोबरात. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज तेव्हा उघडतो. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या आयकराचे आकडे लागतात आणि पालकानं स्वतःच्या नावानं ऑनलाइन खातं उघडून आपली कर-माहिती खेचायला संमती द्यावी लागते. ते खातं मुलगीच उघडते, कारण सगळा फॉर्म इंग्रजीत विचारतो आणि आईचा ईमेलही मुलीनंच तयार केलेला असतो. इथे नेहमी अडतं ते नावावर. चिनी नावाचे दोन अक्षरगट एका कागदावर जोडून लिहिलेले, दुसऱ्यावर मध्ये जागा सोडून, तिसऱ्यावर दुसरा गट मधलं नाव म्हणून. सामाजिक सुरक्षा क्रमांकाच्या नोंदीशी नाव जुळलं नाही की खातं अडकतं आणि अर्ज आठवडेच्या आठवडे पडून राहतो. दुसरी अडचण पैशांची. बापाला पगार रोखीनं मिळत असेल तर कागदावरचं उत्पन्न आणि घरातलं उत्पन्न यांचा ताळमेळ नसतो. सतरा वर्षांच्या मुलीला आपल्या घराची खरी मिळकत, आणि ती किती लपवली आहे, हे एका संध्याकाळी पडद्यावर कळतं. आईला वाटतं, हे मुलीनं बघायला नको होतं. मुलीला वाटतं, एवढ्याशा पैशात हे माझ्याकडून हार्वर्ड मागतात.

आणि गंमत अशी की त्याच माहितीअभावी आई अनेकदा उलटा निर्णय घेते. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाची चार वर्षांच्या कॉलेजांची फी वर्षाला सात हजार डॉलरच्या आसपास आहे, म्हणून ते स्वस्त, आणि मोठ्या नावाचं खासगी कॉलेज म्हणजे कर्ज, असा हिशेब ती करते. प्रत्यक्षात हार्वर्डनं २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नियमाप्रमाणे एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलीला शिक्षण, राहणं, जेवण काहीच पडत नाही. हे चिनीत समजावून सांगणारा माणूस भेटला नाही तर मुलगी सांगते आणि आई म्हणते, फुकट कुणी काही देत नसतं, तुला घरापासून लांब जायचंय म्हणून सांगतेस.

कडक शिस्तीनं मुलांचं काय होतं, यावर मतं पुष्कळ आहेत, मोजमाप थोडं. टेक्सास विद्यापीठाच्या सू यंग किम यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ४४४ चिनी कुटुंबांचा आठ वर्षं माग काढला. पालकत्व त्यांनी आठ मापांनी मोजलं. माया, कारण सांगून समजावणं, लक्ष ठेवणं, मुलांचं ऐकून घेणं ही चार एका बाजूला, आणि राग, मानसिक दबाव, लाज वाटायला लावणं, विनाकारण शिक्षा ही चार दुसऱ्या बाजूला. ज्या घरांत दोन्ही बाजूंची मापं चढी, ती 'वाघीण' घरं. सगळ्यात मोठा गट त्यांचा निघाला नाही. तो निघाला माया जास्त आणि जाच कमी असलेल्या घरांचा, आणि त्यांच्याच मुलांचे गुणही चांगले, मनही ठिकाणावर. वाघीण घरांतली मुलं गुणांत त्यांच्या मागे होती आणि उदासपणात पुढे. ज्यांना वाटतं की जाचाशिवाय पहिला नंबर येत नाही, त्यांनी एवढं तरी वाचावं. मात्र यातून 'अपेक्षाच ठेवू नका' असा अर्थ काढणाऱ्यांचंही मला पटत नाही. लक्ष ठेवणं हे चांगल्या बाजूच्या मापांत आहे. बाधतं ते लाज काढणं, आणि लाज काढण्याचं चिनी घरातलं सगळ्यात हुकमी हत्यार म्हणजे दुसऱ्याची मुलगी. ते आपल्याकडेही काही कमी चालत नाही.

मुलगाही याच घरात असतो. मग भांडण मुलीशीच का पेटतं? एक तर दुभाषाचं काम बहुधा मोठ्या मुलीच्या गळ्यात पडतं, धाकट्या भावाचा अभ्यासही तिच्याच. दुसरं, तिच्याकडून मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. शिकताना मुलांकडे बघायचंही नाही, आणि सत्ताविसाव्या वर्षी लग्न का होत नाही. तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. १९८० नंतर चीनच्या शहरांत जन्मलेल्या बहुतेक मुली, एकच मूल या सरकारी धोरणामुळे, एकुलत्या एक होत्या. भाऊच नसल्यामुळे आईबापांनी आपलं सगळं त्यांच्यावर लावलं. मानववंशशास्त्रज्ञ व्हॅनेसा फाँग यांनी तालिएन शहरात हे जवळून पाहिलं. आजच्या कित्येक चिनी आया या त्याच मुली. आपल्यावर लावलेला सगळा डाव फळाला आला, म्हणूनच आपण इथवर पोचलो, हे त्यांना स्वानुभवानं ठाऊक आहे. त्यांच्या मुलीला तोच डाव ओझं वाटतो, कारण तिच्या अवतीभोवती मैत्रिणींवर कुणी काही डाव लावलेला दिसत नाही.

फूच्यानी घरांत आणखी एक जखम असते. मूल काही महिन्यांचं झालं की त्याला विमानानं गावी आजी-आजोबांकडे पाठवायचं आणि शाळेच्या वयात, चार-पाच वर्षांचं झाल्यावर परत आणायचं, असं हजारो कुटुंबांनी केलं. दिवसाला बारा तास राबणाऱ्या नवराबायकोला पाळणाघर परवडत नव्हतं. परत आलेल्या मुलीला आई परकी असते आणि आजी हरवलेली. आईकडे तिच्याशी जवळीक साधायला वेळ नसतो, त्यामुळे पहिली भाषा शिस्तीचीच होते. पुढे भांडणात आई म्हणते, तुझ्यासाठी मी काय काय सोसलं. मुलीला त्या सोसण्यातली एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे आपल्याला दूर पाठवलं. अशा घरातल्या मुलीला 'कृतघ्न' म्हणणं सोपं आहे, आणि आईला 'निर्दय' म्हणणं त्याहून सोपं.

यावर नेहमीचा सवाल: आईनं इंग्रजी शिकावं की! न्यूयॉर्कमध्ये म्हाताऱ्यांची घरी राहून शुश्रूषा करणाऱ्या बायकांत चिनी बायका पुष्कळ आहेत. त्यांना चोवीस तासांची पाळी लावली जाते आणि पगार मिळतो तेरा तासांचा, कारण आठ तास झोप आणि तीन तास जेवण असं कागदावर गृहीत धरलेलं असतं. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हा हिशेब कायम ठेवला आणि २०२४ च्या मार्चमध्ये या बायका सिटी हॉलपाशी उपोषणाला बसल्या. चोवीस तासांनी घरी आलेल्या बाईला संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जा म्हणणाऱ्यानं आधी तिची एक पाळी करून बघावी. फोनवरचं भाषांतर आहे की, असंही म्हणतात. बसचं वेळापत्रक वाचायला ते ठीक. मुलगी वर्गात रडली हे सांगायला ते चालत नाही.

कायदा कमी नाही. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या इंग्रजी न येणाऱ्या सुमारे अठराशे चिनी विद्यार्थ्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की न कळणाऱ्या भाषेत शिकवणं म्हणजे शिकवणं नव्हे. न्यूयॉर्कच्या शिक्षण खात्याचा स्वतःचा नियम आहे की मुलाची प्रगती किंवा वर्तणूक यावरच्या बोलण्यात मुलानं दुभाषी व्हायचं नाही. दवाखान्यांनाही आणीबाणीखेरीज अल्पवयीन मुलाला दुभाषी करायला मनाई आहे. मात्र २००० सालचा, केंद्र सरकारच्या खात्यांना परभाषिकांची सोय करायला लावणारा आदेश १ मार्च २०२५ रोजी मागे घेण्यात आला, त्यामुळे वरून रेटा उरलेला नाही. खाली तर आधीपासूनच चालढकल. दुभाषी मागवायचा तर आठवडाभर आधी सांगा म्हणतात, आणि ते कुणी सांगायचं? मुलीनंच. दुभाषी आला तरी तो मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणारा असतो, आणि आजीला येते फूचौची किंवा तायशानची बोली. नोंदणीच्या कागदावर भाषा 'चिनी' एवढीच लिहिलेली असते. शिवाय भेटीची वेळ तेवढीच राहते, त्यामुळे सात मिनिटांतलं बोलणं भाषांतरासकट साडेतीन मिनिटांवर येतं.

यात काही अवघड शास्त्र नाही. नाव नोंदवतानाच बोली विचारून घ्यावी. दुभाषी लागणाऱ्या घराला भेटीची दुप्पट वेळ आपोआप मिळावी, मागावी लागू नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नववी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात पालकांना त्यांच्या भाषेत, मुलांशिवाय, दोन तास बसवून पुढच्या चार वर्षांचे नियम सांगावेत: गुण कसे मोजतात, शिक्षकांचं पत्र म्हणजे काय, निबंध कोण वाचतं, पैसे कसे मिळतात. आज हे काम शिकवणीवाले आणि वीचॅट या चिनी ॲपवरचे गट करतात, आणि शिकवणीवाल्याचं हित आईची धास्ती टिकण्यातच असतं. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ऑक्टोबरात मोठ्या माणसानं, दुभाषासह, आईशेजारी बसावं, नाव कोणत्या कागदावर कसं आहे ते आधी जुळवून घ्यावं. समुपदेशकांच्या अमेरिकी संघटनेची शिफारस आहे २५० मुलांमागे एक. देशाची सरासरी त्याहून बरीच वाईट आहे, आणि त्यातही चिनी येणारा समुपदेशक मिळणं नशिबाचा भाग. पैसा लागेल, हे खरं. पण आत्ता तो पैसा वाचतोय तो चौदा वर्षांच्या मुलीच्या बिनपगारी नोकरीतून.

माझ्या म्हणण्याची मर्यादा दाखवायला आपलीच घरं पुरेत. १९६५ च्याच कायद्यानं मराठी माणूसही अमेरिकेत गेला, आणि तोही गाळून गेलेला, इंजिनियर नाहीतर डॉक्टर. न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मराठी आईला इंग्रजी येतं, शाळेची पत्रं ती स्वतः वाचते, शिक्षिकेशी स्वतः बोलते. तिथेही मुलीशी भांडण होतंच: कोणता विषय, कोणता मित्र, गणपतीला साडी का नको. म्हणजे दुभाषी दिल्यानं आई-मुलीचं भांडण मिटत नाही. फरक एवढाच की एडिसनमधल्या मुलीला आपल्या आईचा शब्द शिक्षिकेपुढे सावरून घ्यावा लागत नाही, आणि शिक्षिका काय म्हणाली हे आईला तिच्याकडून कळावं लागत नाही. दोघींचं काय जे पटत नाही ते सरळ पटत नाही. सनसेट पार्कमधल्या मुलीला औषधशास्त्र नको असेल आणि चित्रकला हवी असेल, तर तो वादही तिनं आईशी तिच्या भाषेत, मुलगी म्हणूनच घालावा. आज तो ती घालते घरचं वीजबिल, भाडेकरार आणि आईच्या रक्ततपासणीचा अहवाल वाचून दाखवून झाल्यावर, रात्री साडेदहाला, दोघी दमलेल्या असताना.